जित्या माणसाचा हार

मी मारलेली माणसं आज राजरोस हिंडतात. कुणी दुसऱ्या मालिकेत सासू झालंय, कुणी मसाल्याच्या जाहिरातीत भाकरी थापतंय. रस्त्यात भेटली की लांबूनच हाक मारतात, "मास्तर, अजून जिवंत आहे बरं का मी." मग बरोबरच्या माणसाला सांगतात की ह्यांनी माझ्या फोटोला हार घातला होता. बरोबरचा माणूस माझ्याकडे जरा जपूनच बघतो.

माझा धंदा प्रॉपर्टी मास्तरचा. नाव ऐकून लोकांना वाटतं मी प्लॉट विकतो. एका सोयऱ्यानं तर साताऱ्यात स्वस्तात गुंठा बघा म्हणून गळ घातली होती. तसं काही नाही. मालिकेत नटाच्या अंगावर असतं ते कपडेवाल्याचं आणि हातात, भिंतीवर, टेबलावर असतं ते माझं. मी मूळचा उंब्रजचा. आधी गणपतीत हलते देखावे करायचो, मंडळांचे राक्षस हलवायचो. मालिकावाले मुंबई सोडून साताऱ्याकडे शूटिंगला यायला लागले, तेव्हा त्यांना तासाभरात जातं नाहीतर घंगाळ पैदा करणारा माणूस हवा होता. तो मी निघालो. आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून थांबलोय.

ह्या धंद्यात मी दोन गोष्टी कटाक्षानं पाळल्या. पहिली, घर होतं तसं परत करणं. आम्ही लोकांची घरं भाड्यानं घेतो, आतलं सगळं हलवतो, आमचं मांडतो. हलवण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि जाताना त्याबरहुकूम सगळं लावून द्यायचं. एका मालकिणीनं फोन करून तक्रार केली होती की कोपऱ्यातलं जाळंसुद्धा तसंच ठेवलंत, तेवढं तरी काढायचं होतं. ती तक्रार मी अजून कौतुकानं सांगतो.

दुसरी गोष्ट हाराची. मालिकेत कुणी मेलं की त्याचा फोटो भिंतीवर लागतो, त्याला हार पडतो. तो नट तर तिथंच चहा पीत बसलेला असतो. जित्या माणसाच्या फोटोला हार घालणं अशुभ, हे कुणाला सांगायला नको. म्हणून आमच्याकडे रीत आहे. काम संपलं की ज्याचा फोटो त्यानंच आपल्या हातानं हार उतरवायचा, माझ्या हातचा गुळाचा खडा खायचा आणि एकदा हसायचं. त्याच दिवशी. पाचगणीला एका आजोबांचं काम करणाऱ्या नटानं मधुमेह आहे म्हणून गूळ नाकारला आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात घसरून हात मोडून घेतला. साबण कुणाचा होता हे कुणी विचारलं नाही, पण तेव्हापासून माझ्या पेटीतला गूळ कुणी नाकारला नाही.

आता ज्या घराबद्दल सांगायचंय तिथं वळतो. मालिकेचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. साताऱ्याहून वाईकडे जाताना कृष्णेच्या काठचं एक गाव, एवढं पुरे.

मालिका विज्ञानाची होती. दिग्दर्शक पोरगेलासा, पुण्याचा, मनानं चांगला. त्यानं मला समजावलं, "मास्तर, समजा आपल्या जगासारखंच दुसरं एक जग आहे. असाच सातारा, असंच घर, अशीच माणसं. फक्त सगळं उलट बाजूला." मी विचारलं, पोवई नाक्यावरची गर्दी पण हाय का तिकडं? तो हसला आणि पुढे सांगत राहिला. त्या पलीकडच्या जगातली पोरगी आपल्या जगात येते आणि इथल्या पोरीची जागा घेते. इकडे कुणाला पत्ता नसतो. तिकडचे आईबाप मात्र ती मेली असं समजून फोटोला हार घालून बसलेले असतात. दोघी पोरी एकच नटी करणार होती. इकडची उजव्या हाताची, पलीकडची डावखुरी.

दोन घरं भाड्यानं घ्यायला पैसा कुठला? एकच घर दोनदा मांडायचं ठरलं. अलीकडचं घर होतं तसं. पलीकडच्या घरात सोफा समोरच्या भिंतीला, घड्याळ डावीकडचं उजवीकडे, कॅलेंडरची जागा बदललेली. हे काम माझं.

घर एका निवृत्त सुभेदारांचं होतं. पिस्ता रंगाचा सिमेंटचा बंगला, पुढे मोकळं अंगण, मागे ऊस. गावात सगळे त्यांना आबा म्हणत, आम्हीही तेच धरलं. ते आणि त्यांची बायको, दोघंच राहायचे. आबा रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून, पाठ ताठ ठेवून बसत आणि आमच्यावर पहारा करत. काकू स्वयंपाकघरातून फारशा बाहेर यायच्या नाहीत.

पहिल्याच दिवशी हॉलमधला दिवा लावायला बटण शोधता शोधता आमची पोरं थकली. भिंतीवर बोर्डच नाही. आबा हसले. वायरमननं दार बसवायच्या आधी बोर्ड बसवला आणि दार उघडलं की तो नेमका दाराआड गेला. उंबऱ्यावर उभं राहून, न बघता, डावीकडे दाराच्या फळीमागं हात घालावा लागायचा. "आमच्या घरातल्याबिगर कुनाला घावत न्हाई त्ये," आबा म्हणाले. पलीकडच्या घरासाठी मी उजव्या भिंतीवर खोटा बोर्ड बसवला.

हॉलमध्ये समोरच एक फोटो होता. निळ्या साडीतली कॉलेजवयाची मुलगी, हनुवटीवर तीळ, हसू आवरल्यासारखा चेहरा. वर चंदनाच्या सालींचा हार. खाली 'कै. सुजाता' आणि दोन तारखा. दिग्दर्शकाला ती जागा फार आवडली. नटीचा हार घातलेला फोटो त्याच खिळ्याला लावायचा असं त्यानं ठरवलं. मला संकोच वाटला. आबांना विचारलं तर भिंतीकडे न बघता म्हणाले, "घ्या की काडून." काकू आत निघून गेल्या. मी तो फोटो हारासकट धोतराच्या फडक्यात गुंडाळून आतल्या कपाटात ठेवला. दिवसाचं काम संपलं की परत लावायचो, सकाळी पुन्हा उतरवायचो, पुसायचो. इतके दिवस तो चेहरा हाताळल्यावर ती पोरगी मला ओळखीची वाटायला लागली होती.

पलीकडचं घर मांडलं त्या दिवसापासून तिथं बरं वाटेना. मी स्वतः मांडलेलं घर, पण आत शिरलं की वाट चुकायची. हात जिथं टेबल असायचं तिथं जायचा आणि हवेत राहायचा. काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि सवयीनं टेबल होतं त्या जागी ठेवायला गेल्या. कप फुटले. त्या वेचायला बसल्या नाहीत. भिंतीकडे बघत त्यांनी मला विचारलं, ह्या घरात कोण कोण राहतं. मी गोष्ट सांगितली, की ह्या घरातली माणसं पोरगी मेली समजतात, पण ती दुसरीकडे जिवंत आहे आणि शेवटच्या भागात परत येणार आहे.

"मग आई वळखती का तिला?" काकूंनी विचारलं.

मी म्हणालो, गोष्टीत आईच आधी ओळखते. काकूंनी मग वाकून कपांचे तुकडे वेचायला घेतले.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकानं कॅमेऱ्यात बघून मला हाक मारली. उंबऱ्याजवळ कुणाच्या चपला आहेत? बारीक पट्ट्यांच्या, बाईच्या, जुन्या. आमच्या सामानातल्या नव्हत्या. मी उचलून मागच्या पडवीत ठेवल्या. त्यानंतरच्या दिवशी त्या पुन्हा उंबऱ्याशी, आत यायच्या दिशेला तोंड करून. सगळ्यांना विचारलं, कुणी कबूल होईना. गंमत म्हणजे अलीकडचं घर मांडलेलं असलं की चपला नसायच्या. पलीकडचं मांडलं की यायच्या. आमची पोरं संध्याकाळी एकटी हॉलमध्ये सामान आवरायला जाईनाशी झाली. मीही, देखाव्यात राक्षस हलवलेला माणूस, पाय बाहेर ठेवूनच आतलं उचलायला लागलो.

आबांचं लक्ष चपलांकडे नव्हतं. त्यांचं लक्ष हाराकडे असायचं. रोज संध्याकाळी नटी स्वतःच्या फोटोवरचा हार उतरवायची, गूळ खायची, हसायची. आबा खुर्चीतून बघत राहायचे. एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हे रोज कशापायी, मास्तर?"

"आवं आबा, जित्या मानसाचा हार त्याच दिशी उतरवावा लागतो. न्हाईतर लागतो म्हनत्यात. उमर कमी हुती."

"आन उतरवलाच न्हाई तर?"

"इतकं येडं कोन आसंल?" मी म्हणालो आणि हसलो. आबा हसले नाहीत. उठून उसाकडे गेले.

शेवटच्या भागात दोघी पोरी समोरासमोर येणार होत्या. एकाच नटीला दोन ठिकाणी उभं करायचं तर एकीच्या जागी डुप्लिकेट लागते. उंची, बांधा सारखा, डोक्यावर तसाच विग, अंगावर तीच साडी, आणि कॅमेऱ्याला फक्त पाठ. माणसं पुरवणाऱ्यानं सांगलीहून एक बाई पाठवली. मी नटीची पर्स आणि बांगड्या द्यायला मेकअपच्या व्हॅनमध्ये गेलो. विग अजून चढला नव्हता. तेव्हा रोगाच्या साथीमुळे सेटवर सगळ्यांना मास्क सक्तीचा होता, तो तोंडावरून काढून ती बाई आरशासमोर बसली होती. आरशात तिचा चेहरा बघितला आणि माझ्या हातातल्या बांगड्या खाली पडल्या.

सकाळीच तो चेहरा मी पुसून कपाटात ठेवला होता. तीच हनुवटी, तोच तीळ. फक्त भांगात दोन पांढरे केस होते आणि डोळ्यांखाली वर्तुळं. भुतं कधी कुणाला दिसली असतील तर ती गेली त्या वयाचीच दिसतात. ही वयानं वाढली होती. त्यानं मी जास्तच घाबरलो.

मेकअपवाली बाहेर गेली तसं मी नाव विचारलं. मेघना, ती म्हणाली. गाव सांगली. मी वळणार तोच तिनं शांतपणे विचारलं, "भिंतीवरला फोटू कुटं ठिवता तुमी?"

"कुठला?"

"माजा."

मी पडलेल्या बांगड्या वेचायला खाली बसलो. ती म्हणाली, "मी कवा बघितला न्हाई. नुसतं ऐकलंय. कसला लावलाय?"

निळ्या साडीतला, मी म्हणालो. गॅदरिंगचा आसंल, ती म्हणाली. मग तारखा घातल्यात का, ते विचारलं. मी दुसरी तारीख सांगितली.

"त्या दिशी आमचं लगीन झालं," ती म्हणाली.

पुढचं तिनं थोडक्यात सांगितलं. सांगलीच्या एका जैन पोराशी लग्न केलं. सासरी नाव बदललं, सुजाताची मेघना झाली. इकडे आबांनी तिच्या नावानं आंघोळ केली, दहावं घातलं, फोटो टांगला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंस तर माझं मढं बघशील, असा निरोप धाडला. काकू चोरून फोन करायच्या, मग आबांनी तोही बंद पाडला. मग एके दिवशी ही सांगलीत भाजी निवडत टीव्ही बघत होती आणि मालिकेत तिला तिच्या घराचा हॉल दिसला. भिंतीवर, जिथं तिचा फोटो असतो असं तिनं ऐकलं होतं, तिथं दुसऱ्याच बाईचा फोटो. घर उलटंपालटं झालेलं, पण फरशी तीच. तिनं माणसं पुरवणाऱ्याचा नंबर मिळवला.

"आईला येकदा बगायचंय," ती म्हणाली. "दुसरीच बाई हून गेलं तर चालंल न्हवं?"

मी कुणाला बोललो नाही. पण 'इतकं येडं कोन आसंल' असं मी आबांच्या तोंडावर बोलून बसलो होतो ते आठवलं आणि कानशिलं गरम झाली.

शॉट दुपारचा होता. काळे पडदे लावून आत रात्र केली होती. कॅमेरा अंगणात, दाराकडे तोंड करून. डुप्लिकेटनं पाठमोरं चालत जायचं, अंधाऱ्या घरात शिरायचं, उजव्या भिंतीवरचं बटण दाबायचं. दिवा आमचा माणूस लावणार होता. आत सोफ्यावर खरी नटी बसलेली. आबांची खुर्ची कॅमेऱ्याच्या शेजारीच होती. सकाळपासून त्या बाईला डाव्या हातानं चहा घे, डाव्या हातानं प्रसाद घे, असं करून घेतलं होतं. ती विग, पदर आणि मास्कमध्ये होती. शॉटपुरता मास्क निघाला तेव्हा तिचं तोंड घराकडे होतं.

उंबऱ्याशी त्या चपला होत्या. मी काढायचं विसरलो नव्हतो, काढायचं धाडस झालं नव्हतं. ती त्यांच्याजवळ थबकली. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मग तिनं पाय उचलून आत ठेवला आणि हात न बघता दाराच्या फळीमागं गेला. घराची खरी ट्यूब लागली.

दिग्दर्शक ओरडला, तिकडे कुठे, उजवीकडे सांगितलं होतं ना. ह्या बाईला ते बटण सापडलं कसं, हा प्रश्न त्याला पडला नाही. दिव्यावरचा माणूस तेवढा माझ्याकडे बघायला लागला. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांच्याकडे त्या बाईचं तोंड होतं. काकूंनी दोन्ही हातांनी चौकट धरली होती.

आबा खुर्चीतून उठले. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. ते चालत उंबऱ्याशी गेले. तिची पाठ त्यांच्याकडे, मधे दोन हात अंतर. ती वळली नाही. तिचे खांदे वर चढलेले मला दिसत होते, मार चुकवणाऱ्या पोरासारखे. आबांनी आधी त्या पाठीकडे, मग लागलेल्या ट्यूबकडे बघितलं. मग खाकरले.

"उजवीकडं हाय बटन, बाई," ते म्हणाले. "ह्या घरात उजवीकडं हाय."

"व्हय," ती म्हणाली.

आबा परत येऊन खुर्चीत बसले. दुसरा टेक झाला. तिनं उजव्या भिंतीवरचं खोटं बटण दाबलं. दिग्दर्शक म्हणाला, हात फार छान थरथरला. काकूंनी सगळ्यांना पाणी दिलं आणि शेवटचा तांब्या तिच्या हातात देताना तिच्या गालावरून बोटं फिरवली. काम झालं तशी ती अंगणातल्या गाडीत जाऊन बसली. गाडीच्या काचा काळ्या होत्या.

तो त्या घरातला आमचा शेवटचा दिवस. नटीनं हार उतरवला, गूळ खाल्ला, हसली. मी मोबाईलमधले फोटो बघून घर लावायला घेतलं. सोफा हलवला, घड्याळ जागेवर गेलं. सगळं झाल्यावर कपाटातून फडक्यातला फोटो आणला. हातात धरून भिंतीपाशी उभा राहिलो, पण खिळ्यापर्यंत हात जाईना. पेटीतले कितीतरी हार मी लावले असतील, पण त्या दिवशी त्या हलक्या चंदनी हाराचं ओझं होत होतं. शेवटी आबांना हाक मारली.

"आबा, हुता तसा लावू का?"

आबा आत आले. फोटो त्यांनी माझ्याकडून घेतला. हाराची गाठ सोडायला गेले, ती सुटेना. इतक्या वर्षांत हार काचेला जागोजाग चिकटला होता. त्यांनी तो ओढून काढला तेव्हा काचेवर त्याची कड तशीच उमटलेली राहिली. अंगठ्यानं त्यांनी ती पुसून बघितली, निघाली नाही.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ही भिंत त्या पल्याडच्या घरातलीच ऱ्हाऊ दे, पोरगी म्हागारी येती त्या." मग फोटो सोफ्यावर ठेवून, माझ्याकडे न बघता विचारलं, "गूळ हाय का रं?"

पेटीत अर्धी ढेप शिल्लक होती. खडा फोडायचं भान मला राहिलं नाही, तशीच दिली. आबा ती दोन्ही हातांत धरून अंगणात उतरले आणि गाडीजवळ गेले. काळ्या काचेत त्यांना आत कोण बसलंय ते दिसत नसणार. त्यांचं स्वतःचंच तोंड दिसत असणार, टोपीसकट. युनिटची पोरं सामान उचलता उचलता थांबली होती. गाडीत कुणी आहे की नाही, अशी शंका मलाही आली. हे सगळं आम्हीच मांडलेलं तर नाही ना, असंही क्षणभर वाटलं.

मग काच खाली सरकली आणि एक हात बाहेर आला. दिवसभर शिकवलेला, डावा.

माझ्या मागून काकू पायऱ्यांवर आल्या होत्या. त्यांच्या हातात त्या जुन्या चपला होत्या.

"उजवा पुढं कर की गं," त्या म्हणाल्या. "उजवा."